मोबाईलच्या मॅडम

महानंदा मॅडम कुणाचीही मुलाखत घेतली की ती त्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवूनच उठायच्या. तासभर बोलणं झालं असेल तर तासभर ऐकवणं. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी सास्तूरला आमची परतीची एसटी याच पायी चुकली. उन्हात उभं राहून मी चांगलीच वैतागले होते. म्हटलं, "मॅडम, एकदा रेकॉर्ड झालंय ना? मग परत कशाला?" मॅडम पदरानं मान पुसत म्हणाल्या, "अगं, बोलणं त्यांचं आहे. कुणाच्या घरातून काही न्यायचं तर घरच्या माणसाला दाखवून न्यावं की नाही?" मी मनात म्हटलं, कपाळ! टमटममध्ये कोंबून घेऊन आम्ही लोहाऱ्याला आलो.

माहिती तंत्रज्ञान वेगवेगळ्या संस्कृतींत शिरलं की काय रूप घेतं, हा मॅडमचा विषय. येडशीला घरी गेले की मी आईला हे समजावून सांगायची. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "म्हंजे लोक मोबाईल कसा वापरतेत ते बघत हिंडायचं. आन् ह्याला पगार देतेत?" मॅडमला हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईला माझ्या प्रबंधाची प्रस्तावना लिहायला सांगायला हवी होती." गावोगावी त्यांचं नाव 'मोबाईलच्या मॅडम' असंच पडलं होतं. आम्ही दिसलो की लोक बंद पडलेले फोन घेऊन यायचे. एकानं तर तोंडावरच विचारलं, "मोबाईलात पीएचडी केली म्हणता, मग माझा सारखा हँग का होतो ते सांगा की." मॅडम शांतपणे त्याच्या फोनमधली शुभ सकाळची शेकडो फुलं पुसत बसल्या.

त्या मूळच्या लोहाऱ्याच्याच. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागल्या आणि तिथं त्यांनी बचत गटांच्या बायकांसाठी एक अ‍ॅप बनवलं. प्रत्येकीचा वेगळा नंबर, प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड. मोठ्या हौसेनं ते आपल्या गावात दाखवायला आणलं, तर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. फोन घराला एकच, तो फ्रिजवर पडलेला, वाजला की जो जवळ असेल तो उचलणार. त्याला कुलूप घातलं तर लगेच सवाल, "काय लपवायलीस गं?" मॅडम सांगायच्या, "त्या दिवशी मला कळलं, मी बनवलं होतं ते एकट्या माणसासाठी. आणि इथं एकटं माणूस सापडत नाही."

मग नोकरी सोडून त्या संशोधनात शिरल्या. टांझानियात त्यांनी अशा बायका पाहिल्या, ज्यांच्याकडं फोन नव्हता पण स्वतःचं सिमकार्ड होतं. ते कापडाच्या गाठीत बांधून ठेवायचं आणि शेजारणीच्या फोनमध्ये घालून बोलायचं. फिनलंडमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थाचा फोन त्यांनी कप ठेवायला म्हणून टेबलावर जरासा सरकवला, तर तो बिचारा पुढं धड बोललाच नाही. "यंत्र सगळीकडं एकच असतं गं, घर एक नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं आम्हा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेलं. "फोन कुणाचा असं विचारू नकोस, सगळे घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव सांगतात. फोन कुठं ठेवता ते विचार."

आणि काळजी! त्या बाईला काळजी करायला कारण लागायचं नाही. रेकॉर्डरचं चार्जिंग टिकेल का, आपण कुणाच्या जेवणाच्या वेळेला तर गेलो नाही ना, घरी गॅस बंद केला होता का. मी अजून एसटीत चढलेलीही नसायची तर "पोचलीस का?" असा मेसेज यायचा. मग छातीवर हात ठेवून स्वतःलाच म्हणायच्या, "इरली, इरली." कानडीत म्हणजे असू दे, असू दे. पण असू द्यायचा स्वभावच नव्हता तो.

त्या काळजीला खरं कारण मिळालं ते सास्तूरच्या शोभामुळं. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या भागात तिचं घर होतं. घरात नवरा, सासरे आण्णा आणि सासू काशीबाई. आण्णांची लेक रेखा हिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. त्या दिवसापासून आण्णांनी जाहीर केलं होतं, ती आम्हाला मेली. घरातले तिचे फोटोसुद्धा उतरले. तिचं नाव घ्यायची कुणाची टाप नव्हती. काशीबाईंचीही नाही.

हे सगळं आम्हाला शोभानंच सांगितलं, तेही घरात कुणी नसताना. सासूबाई रानात तुरी काढायला गेल्या होत्या, पुरुष लग्नाला. मॅडमनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, फोन कुठं ठेवता. शोभा आधी फ्रिजकडं बघून हसली आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी कुनाला सांगणार न्हाई ना? म्या नणंदेशी बोलते." दुपारी फोन तिच्या हाताला लागायचा तेवढ्या वेळात रेखा आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. शोभा चुलीशी बसून तो कानाला लावून ऐकायची, उत्तर द्यायची आणि लगेच सगळं पुसून टाकायची. "आण्णांला कळलं तर माझा फोन बंद होईल ते होईल. पर त्या पोरीला ह्या घरातलं बोलायला दुसरं कोनच न्हाई."

कसं करते ते दाखवायला म्हणून तिनं त्याच दिवशी आलेला रेखाचा निरोप आम्हाला लावून दाखवला. "वैनी, तायडीला दात आला बघ. हसली की डिट्टो आईच दिसती. आई बरी हाय का? गुडघ्याला तेल लावती का?" एवढंच. नंतर शोभानं तो पुसला. आमच्या रेकॉर्डरमध्ये मात्र तो राहिला.

आणि मग मॅडमनी नेहमीप्रमाणे मुलाखत ऐकवायला सुरुवात केली. दार उघडंच होतं. रेखाचा आवाज घरात घुमत होता, आणि मी वर बघितलं तर उंबऱ्यात काशीबाई उभ्या. विळा विसरला म्हणून त्या परत आल्या होत्या. मॅडमनी घाईनं रेकॉर्डर बंद केला. शोभा पांढरीफटक. काशीबाईंनी आत येऊन कोपऱ्यातला विळा घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "पाव्हण्यांला च्या दिला का न्हाई गं शोभा?" आणि आल्या वाटेनं गेल्या.

त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं? परतताना मॅडमनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला की शेवटी मी ओरडलेच, "मॅडम, मी काय त्यांच्या कानात बसले होते का?" पण मनात मीही तोच हिशेब करत होते. काशीबाईंनी ऐकलं असेल आणि आण्णांना सांगितलं असेल, तर शोभा नि रेखाचा तो एवढासा दुवा तुटणार होता. आणि तो आम्ही तोडला असता, ज्याचं बोलणं त्याला परत देण्याच्या नादात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती मुलाखत पुसून टाकली. प्रकल्पात परदेशातलं एक विद्यापीठ भागीदार होतं, आणि सगळं मूळ ध्वनिमुद्रण सामायिक साठ्यात ठेवायचं असा करार होता. "ते नावं काढून टाकतात गं," मॅडम म्हणाल्या, "पण आवाज? सास्तूरमध्ये खोकल्यावरून माणूस ओळखतात." तिकडून विचारणा झाली, मुलाखत का नष्ट केली? मॅडमनी कारण दिलं नाही. प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यातून त्यांचं नाव गळलं. माझी फेलोशिप त्याच टप्प्यावर अवलंबून होती, म्हणून मी दोन-चार दिवस फुगून बसले. मॅडमनी माझ्यासाठी दुसरीकडं अर्ज केला, स्वतःसाठी काहीच केलं नाही. त्यांना एकच ध्यास, सास्तूरला काय चाललंय. काही ना काही निमित्त काढून आम्ही शोभाकडं जायचो. शोभाचं नि रेखाचं बोलणं चालू होतं. काशीबाई नेहमीसारख्याच चहाचं विचारायच्या. मॅडम बाहेर पडल्या की म्हणायच्या, "ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं गं. ह्या शांतपणाची भीती वाटते."

मग एका बाजाराच्या दिवशी काशीबाई एकट्याच मॅडमच्या लोहाऱ्याच्या घरी आल्या. मी तिथंच होते. भाजीची पिशवी बाजूला ठेवून त्या खाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मॅडम, त्ये एकदा लावता का?"

"काय लावू?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या लेकराचा आवाज. त्या दिशी निम्माच ऐकू आला. दात आला म्हनली का न्हाई? कुनाला आला दात?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. ज्या आवाजानं घर मोडेल म्हणून त्या धास्तावल्या होत्या, तोच मागायला ही माऊली दारात येऊन बसली होती, आणि आवाज तर आता कुठंच नव्हता. मॅडमनी काशीबाईंचे हात धरले आणि सांगितलं, "मी पुसला हो. तुम्हाला राग येईल, घरात भांडण होईल म्हणून पुसला." काशीबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, "नात हाय का नातू?" नात आहे म्हटल्यावर त्या मान हलवत राहिल्या. मलाही रडू आवरेना.

"शोभालाच विचारा ना," मी म्हणाले. "ती ऐकवेल की."

"नगं माय," काशीबाई घाईनं म्हणाल्या. "मला म्हाईत झालंय असं तिला कळलं, तर ती भिऊन बोलायचीच बंद व्हईल. बोलू दे तिला. निदान एक तर बोलायलीय."

संशोधकानं दुसऱ्याच्या घरात फक्त कान घेऊन जावं, तोंड नाही, असं मॅडम आम्हाला बजावायच्या. तो नियम त्यांनी त्या आठवड्यात मोडला. शोभाला म्हणाल्या, "रेखाचा नंबर दे, मला तिच्याशी बोलायचंय," पण का ते सांगितलं नाही. परतताना मला म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला अर्धंच सांगितलं." तेव्हापासून काशीबाई बाजाराला आल्या की मॅडमच्या स्वयंपाकघरात बसायच्या, त्याच वेळी रेखाचा फोन यायचा, आणि मायलेकी मॅडमच्या फोनवर बोलायच्या. तिकडं सास्तूरला शोभा सासूपासून लपवून बोलायची, इकडं काशीबाई सुनेपासून लपवून. दोघी एकमेकींना जपायच्या आणि मधल्या मधे आमच्या मॅडमचा जीव टांगणीला. "एकीच्या तोंडून काही निसटलं तर? आण्णांच्या कानावर गेलं तर?" वर्तमानपत्र उघडं पण नजर भिंतीवर, अशा बसलेल्या असायच्या. आणि फोन यायला जरा उशीर झाला, की काशीबाईंपेक्षा यांचीच येरझार जास्त.

मॅडम गेल्या त्या अगदी अचानक. सकाळी छातीत दुखायला लागलं, उमरग्याला नेईपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या बहिणीनं त्यांचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, तुझ्याच ओळखीच्या लोकांचे फोन यायलेत, तूच बोल. मी बोलत राहिले. टांझानियातून कुणीतरी रडत होतं, मला त्या भाषेतलं काही कळत नव्हतं, तरी ऐकत राहिले.

भेटायला येणाऱ्यांत सास्तूरचं ते घरही आलं. आण्णा बाहेर मांडवात पुरुषांत बसले. काशीबाई आणि शोभा आत माझ्याजवळ. काशीबाई मला धरून रडल्या. तो बाजाराचा दिवस होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, रेखा. तिला मॅडम गेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं.

शोभानं नाव वाचलं. तिला वाटलं, आपलं पितळ सासूपुढं उघडं पडलं. तिनं झडप घालून फोन बंद करायला हात पुढं केला, तर काशीबाईंनी तिचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय." शोभा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. काशीबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. दार सताड उघडं होतं. मांडवातले आण्णा तिथून दिसत होते, आणि आतलं बोलणं त्यांना ऐकू जाणार हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

"बोल, रेखा," काशीबाई म्हणाल्या. "आई बोलते. शोभाबी हितंच हाय."

आण्णांनी मान वळवून आत बघितलं. काशीबाईंनी आवाज कमी केला नाही.