पाच बटणांचे साडू

अख्ख्या कोल्हापुरात हळू बोलणारा एकच माणूस उरला आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्याकडं एखाद्याला ‘जेवलासा काय?’ असं विचारलं तर पलीकडच्या गल्लीतली दोन माणसंही ‘व्हय’ म्हणतात. अशा गावात जन्मून, इथलंच पाणी पिऊन हा माणूस मंडईत कोथिंबिरीची जुडी अशी मागतो, जणू भाजीवालीला घरातलं गुपित सांगतो आहे. आणि वाजवतो काय, तर इलेक्ट्रिक गिटार! मी स्वतः साउंडवाला. एक कर्णा आणि भाड्याची सायकल यावर धंदा सुरू केला, आज दारात दोन टेंपो उभे आहेत आणि हे सगळं मी घसा फोडून मिळवलेलं आहे. त्यामुळं निदान आवाजाच्या बाबतीत तरी मला कुणी शिकवू नये असं मला वाटतं. साडूंना तसं वाटत नाही.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कागलच्या एमआयडीसीत तपासणी खात्यात नोकरी. मशीनवरून उतरलेल्या लोखंडी भागाला मापाचं गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर बाजूला, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं आहे की आता ते स्वतःच्या जावयाकडंही तसंच बघतात. लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, हा त्यांचा दुसरा संसार. घरात फिरवता येईल अशा प्रत्येक वस्तूवर त्यांनी आक्काच्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारून ठेवली आहे. पंख्याच्या रेग्युलेटरवर रेघ, गॅसच्या बटणावर रेघ, मोरीतल्या नळावरसुद्धा रेघ. एकदा मी त्यांच्याकडं हात धुताना नळ जरा जास्त सोडला, तर पाठीमागून हलकेच आवाज आला, “पावणं, रेघंपातूर.” आक्काची नखं मात्र कधी रंगलेली मी पाहिली नाहीत. बाटली घरात आली की संपतेच.

त्यांच्याकडं एक चपटी पेटी आहे. तिला मॉडेलर म्हणतात. पूर्वी गिटारवाला माणसाच्या वजनाचा अँप्लिफायर घेऊन हिंडायचा. आता तसल्या शेकडो अँप्लिफायरांच्या नकला या एका पेटीत भरलेल्या असतात. ही पेटी जुनी, वापरलेली, इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याकडून घेतली आणि घ्यायला मला नेलं, कारण घासाघीस हा माझा प्रांत. मी दोन तास झुंजलो. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो, तीनदा चपला घातल्या. समोरचा घामाघूम झाला होता, आता ‘द्या तुमच्या मनानं’ म्हणणार, तोंड उघडलंही होतं, एवढ्यात आमचे साडू पेटीवरची धूळ रुमालानं पुसत म्हणाले, “वस्तू लई चांगली ठेवलीया ओ त्यांनी. कमी दिलं तर बरं दिसत न्हाय.” परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, प्रवास शांततेत झाला.

पेटीवर आवाजाची पाच बटणं आहेत आणि साडूंच्या आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान या पाच बटणांत मावतं. साधा माणूस म्हणेल, आवाज वाढवायला पाच बटणं कशाला? मीही म्हणालो. त्यावर त्यांनी मला जेवणाच्या ताटावरच शिकवलं. आक्कानं तांबडा रस्सा केला होता. “हे बघा पावणं, पैलं बटण इनपुट. म्हंजे बाजारातनं मटान किती आणलं. दुसरं गेन. ते तिखट. तिसरं मास्टर, ती शेगडीची आच. जास्त झाली की रश्शाची चवबी बदलती. चौथं चॅनल व्हॉल्यूम, ती पळी. चव हाय तीच, नुसतं वाटीत किती वाढायचं तेवढं तिच्या हातात. आन् पाचवं हे मोठं बटण, ते शेवटचं. पंगत केवढी हाय ते बघून एकदाच लावायचं आन् इसरायचं. आता मला सांगा, पावण्याला रस्सा जास्त वाढायचा असला तर काय करायचं?” मी म्हटलं, पळी जास्त घालायची. “मग लोक तिखट का वाढवत्यात?” एवढं बोलून त्यांनी माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली. गेन वाढवलं की आवाज फाटतो, चिरका होतो, आणि माणसाला तो मोठा झाल्यासारखा वाटतो. खरं तर तो नुसता तिखट झालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. पुढं पुढं ते माणसांनाही हीच मापं लावू लागले. अमक्याचा इनपुटच कमी. तमक्याची आच जास्त. माझ्याबद्दल तर त्यांनी माझ्याच बायकोला सांगितलं, “पावण्यांचं सगळं गेनवरच चालतंय.” बायको हे मला सांगताना इतकी हसली की मला गेन आणखी वाढवावं लागलं.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. त्यांचा एक नियम होता: कार्यक्रमात ज्या मोठ्या आवाजात वाजवायचं, त्याच मोठ्या आवाजात घरी बटणं लावायची. हळू आवाजात गोड वाटलेला सूर मांडवात गेला की हरवतो. आता मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीत मांडवाएवढा आवाज करायचा म्हणजे शेजाऱ्यांशी गाठ. साडूंच्या माडीखाली, भिंतीला भिंत लावून आबांचा गोठा. आबा वयस्कर, एकटे, एक म्हैस आणि एक रेडकू घेऊन राहणारे, आणि आवाजानं अस्सल कोल्हापुरी. साडू वर मोठं बटण हळूहळू फिरवत जायचे. एका जागी आलं की खालून हाक यायची, “आरं ए बाजंवाल्या! म्हस पान्हा चोरत्या न्हवं का!” म्हणजे आवाजानं बिचकून म्हैस दूध आवरून धरते. ही हाक आली की साडू खूश. बटण केसभर मागं घ्यायचे, नेलपॉलिशची बाटली उघडायचे आणि रेघ मारायचे. आबांची हाक आली म्हणजे लॉनवरच्या मागच्या खुर्चीपर्यंत गिटार पोहोचणार. आबांनी शेणाची पाटी जिन्यावर आपटली म्हणजे जास्त झालं. इतकी वर्षं हा हिशेब कधी चुकला नाही. शिव्या देणाऱ्या शेजाऱ्याला दर दिवाळीला पहिल्या घाण्याच्या चकल्या नेऊन देणारं ते एकच घर असेल. आणि आबाही गमतीचे, दोन रविवार गिटार वाजली नाही तर जिन्याशी येऊन विचारायचे, “मेला का काय रं बाजंवाला?”

आता माझ्या दुखण्याकडं येतो. तीनेक वर्षांपूर्वीची लग्नसराई. शहराबाहेरच्या एका नव्या लॉनच्या सगळ्या हंगामाचं साउंडचं काम मला मिळायच्या बेतात होतं. त्यासाठी मी सहा महिने मालकांच्या दारात चहा प्यालो होतो. त्यांच्या आईच्या वाढदिवसाला ते म्हणाले, तुमच्या साउंडवर एक ऑर्केस्ट्रा लावा, आवाज ऐकू, मग ठरवू. मी गिटारला साडूंनाच घेतलं. ते कारखान्यातली पाळी संपवून थेट आले, आधी आवाज तपासायला वेळ मिळाला नाही. जुनं, हळुवार गाणं सुरू झालं. मधला गिटारचा तुकडा आला आणि मालक माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. “गिटार ऐकूच येईना की ओ.” खरंच येत नव्हती. मिक्सरवरची पट्टी वर टेकली होती. त्याहून वाढवावं तर नुसती खरखर वाढत होती. साडूंच्या पायाशी त्यांचा छोटा स्पीकर होता, त्यांना स्वतःचं सगळं ऐकू येत होतं, त्यामुळं ते डोळे मिटून मजेत वाजवत होते. मी खुणा केल्या, काही उपयोग झाला नाही. मग मी तडक स्टेजवर चढलो आणि पेटीचं एक बटण धरून लाल रेघेच्या पार पलीकडं फिरवलं. ते दुसरं बटण होतं. तिखटाचं. त्या हळुवार गाण्यात फरशीवरून रिकामं घमेलं ओढल्यासारखा आवाज झाला. मालकांच्या आईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

हे झालं, ते झालं. पण साडूंनी काय करावं? हात वर करून गाणं थांबवलं आणि माझ्याच माइकवरून, त्या मेल्या हळू आवाजात सांगितलं, “दोन मिनटं थांबा मंडळी. आमच्या पावण्यांनी तिखटाचा डबा उपडा केलाय. नवा रस्सा करतो.” सगळं लॉन हसलं. मालकही हसले, आणि हसत हसतच त्यांनी हंगामाचं काम दुसऱ्याला दिलं. त्या दिवसापासून मी साडूंशी बोलणं टाकलं. आक्काकडं जाणं बंद. बायको म्हणायची, “जाऊ द्या की, थोरले हाईत.” मी म्हणायचो, एकदा, फक्त एकदा ‘माझं चुकलं’ म्हणू दे. ते म्हटल्याशिवाय मी त्यांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तसं वर्ष गेलं. मनातल्या मनात मी त्यांना काय काय सुनवायचं याची इतकी उजळणी केली होती की एखादं भाषण पाठ असावं तसं ते मला पाठ झालं.

शेवटी आक्का स्वतः येऊन बसली आणि जेवायला यायचं कबूल करून घेऊनच उठली. गेलो. रस्साच होता. जेवण झाल्यावर साडू म्हणाले, “वर येतासा जरा?” माडीवर पेटी होती, पण तिच्यावर फडकं होतं. खिडकीतून खाली पाहिलं तर गोठा मोकळा. दावणीला म्हैस नव्हती. आबा गेल्याचं मला बायकोनं सांगितलं होतं. रागाच्या भरात मी मातीलाही गेलो नव्हतो.

साडू खाली बघत म्हणाले, “मालक खरं बोलत हुतं, पावणं. त्या दिवशी गिटार कमीच हुती.”

मी म्हटलं, “मग हे वर्षभर कुठं ठेवलं हुतं?”

“तवा मला ठावं न्हवतं. आबा त्या महिन्यात हातरुणावर हुतं. झोप लागत न्हवती त्यांना. मग मी सगळी गाणी कानाला हेडफोन लावून बसवली. हेडफोनवर सगळंच भरलेलं वाटतंय. वाटीत बघून पंगतीचा अंदाज केला मी. लॉनवरनं आलो, आठ दिवसांत आबा गेलं. पुढं कवातरी मोठ्या स्पीकरवर लावून बघितलं, तवा कळलं. तुमचा हात चुकीच्या बटणाला गेला, पर हात घालायची येळ मीच आणली.”

पाठ केलेलं भाषण घशाशी आलं होतं. ते कुठं गेलं कळलं नाही. पण मीही सहजासहजी सौदा सोडणारा नव्हे. मी म्हटलं, “बारा आणे चूक तुमची. चार आणे माझी.”

साडूंनी बोटांवर हिशेब केला. आणि ज्या माणसानं जन्मात कधी भाव केला नव्हता, तो म्हणाला, “दहा आणि सहा.”

“झालं,” मी म्हटलं.

मग मी त्यांना विचारलं की आता तर खाली कुणी नाही, हवा तेवढा आवाज सोडा की. पेटीवर फडकं कशाला? ते फडक्याच्या घड्या नीट करत राहिले. “मोठं बटण फिरवतोय की. पर कुणी वरडतच न्हाय. कुठं थांबायचं कळंना.”

मी जिना उतरलो आणि गोठ्याच्या दगडी पायरीवर, आबा बसायचे तिथं जाऊन बसलो. वर गिटार सुरू झाली. तेच लॉनवरचं गाणं. आवाज हळूहळू चढत गेला. रिकाम्या दावणीशी बसून मी तो ऐकत होतो आणि कानाला जेव्हा वाटलं की आता, तेव्हा छाती भरून ओरडलो, “ओ साडू! म्हस पान्हा चोरत्या!” वरचा आवाज केसभर खाली आला आणि थांबला. नेलपॉलिशचा वास खालपर्यंत आला असं मला वाटलं, पण तो भास असेल.

आता लग्नसराई आली की रविवारी दुपारी मी तिथं जाऊन बसतो. लॉनचं काम गेलं ते गेलंच. ते अजून सलतं, आणि त्यातले दहा आणे साडूंचे आहेत हे मी त्यांना दर रविवारी ऐकवतो. पण कधी कधी गाणं असं लागतं की ओरडायचं माझ्या ध्यानातच राहत नाही. मग गिटार मध्येच थांबते. माडीची खिडकी उघडते, साडू वाकून खाली बघतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “ओ पावणं! हाईसा न्हवं?”

एवढं मोठ्यानं बोलताना मी त्यांना उभ्या जन्मात कधी ऐकलं नव्हतं. मी घसा खाकरतो आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगतो, “हाय की. वाजवा तुमी.”