नदी सुकायच्या आत

यंदाच्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी सव्वासातला माझ्या वडिलांनी चिमट्याने स्वतःचा पुतळा नदीतून उपटला आणि फळीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. नदी रेझिनची होती, काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवाची, शुक्रवारी दुपारी ओतलेली, अजून ओली. पुतळा पाच सेंटिमीटर उंच. हे लखनौत, विकास नगरमधल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाले. आई आत चहा टाकत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

त्या टेबलावर पाच महिन्यांपासून एक ट्रक नदीत अडकलेला होता. मूळ वस्तूच्या पस्तीसपट लहान. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद फळी. तिच्यावर नदीचा काठ, उतार, पाण्यात रुतलेला लष्कराचा तीन टनी ट्रक आणि त्याला मागून ढकलणारे दोन जवान. अशा मोजून केलेल्या देखाव्याला डायोरामा म्हणतात. मी गेली सात-आठ वर्षे ते करते. त्याआधी सव्वीस वर्षे मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते.

वडील लष्करात ड्रायव्हर होते. पुढे माजी सैनिक म्हणून लखनौच्या सरकारी कारखान्यात लागले आणि आम्ही अमरावतीकडचे इथलेच झालो. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते तेवीस वर्षांचे होते आणि पूर्वेकडच्या आघाडीवर ट्रक चालवत होते. ट्रकवर त्यांना एक जोडीदार होता, अकोल्याकडचा. पलटणीत मराठी बोलायला दोघांना एकमेकांशिवाय फारसे कोणी नव्हते.

घरात सांगितली जायची ती हकिकत अशी. ट्रक नदी ओलांडताना रुतला. दोघे उतरून खांद्याला खांदा लावून ढकलत होते. तोफेचा गोळा पडला. जोडीदार वडिलांच्या हातावर गेला. पुढच्या सुटीत वडील त्याची पत्र्याची पेटी घेऊन त्याच्या गावी गेले आणि त्याच्या आईला त्यांनी हे सांगितले. मग आम्हाला, मग कारखान्यातल्या मित्रांना. मी ती हकिकत किमान चाळीस वेळा ऐकली असेल. तिच्यातला शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितले की उजव्या डोळ्याची नजर परत येणार नाही आणि डाव्या डोळ्यावर लक्ष ठेवावे लागेल. त्याच आठवड्यात वडील मला म्हणाले, "तो ट्रक कर. दिसतोय तोवर बघून घेतो."

मी काम सुरू केले. विकत आणलेल्या किटमधला ट्रक परदेशी होता. त्याचे नाक कापून प्लास्टिकच्या पत्र्यातून नवे बनवले. शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढच्या एका शेताच्या बांधावरून माती आणली आणि आईच्या मैद्याच्या चाळणीतून चाळली. ते आईला दोन दिवसांनी कळले. चिनहटच्या एका फुटक्या कुंडीची पूड काठावरच्या विटांच्या ढिगाला वापरली. जेवण टेबलावरून दिवाणावर गेले.

"यांची लढाई तेरा दिवसांत संपली," आई म्हणायची. "तुझी अजून चालूच. आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन बसलोय, रेफ्युजी कॅम्पसारखे."

लहान प्रतिकृतीत 'जवळ' हा शब्द चालत नाही. किती मिलिमीटर, ते ठरवावे लागते. म्हणून मी वडिलांना रोज प्रश्न विचारत गेले आणि उत्तरे वहीत लिहीत गेले. काठाबद्दल त्यांना सगळे आठवत होते. उलटे ठेवलेले लाकडी खोके. अर्ध्यातून कापलेल्या पिंपावर उकळणारा लंगरचा, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराचा, चहा. दोन मग, त्यांतल्या एकाचा कान तुटलेला, तारेने बांधलेला. चिखलावर टाकलेला ओला भाताचा पेंढा. नदीबद्दल मात्र उत्तरे येत नव्हती. कोणते चाक रुतले होते, विचारले तर मागचे. डावे की उजवे, ते नाही. पाणी एकदा गुडघ्याएवढे, दुसऱ्या दिवशी कमरेएवढे. पाणी थंड होते का, असे मी विचारले.

"डिसेंबर होता. थंडच असणार," ते म्हणाले.

मी ते लिहून घेतले. पुढे काही विचारले नाही. मग सव्वीस वर्षे डेस्कवर जे केले तेच केले: दुसरा स्रोत शोधला. वडिलांच्या जुन्या डायरीत जोडीदाराच्या धाकट्या भावाचा नंबर होता. वडिलांना न विचारता मी नोव्हेंबरात त्या भावाला फोन केला.

एकाहत्तरात ते चौदा वर्षांचे होते. त्यांनी हकिकत सांगितली, 'खांद्याला खांदा'सकट, वडिलांच्याच शब्दांत. म्हणजे स्रोत एकच होता. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले की जानेवारीत त्यांच्या गावाची यात्रेची बस श्रावस्ती-कुशीनगरला जाणार आहे, वाटेत लखनौला थांबणार आहे. "दादांना भेटतो," ते वडिलांबद्दल म्हणाले, "आणि त्या फळीवर भावाला बघतो."

संध्याकाळी मी वडिलांना हे सांगितले. ते पेपर वाचत होते, नाकाजवळ धरून.

"फोन करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

कोणीच नाही, असे मी म्हणाले.

"मग?"

त्या दिवशी ते टेबलाकडे आले नाहीत.

त्यानंतरचे दोन महिने घरात कोणी एका जागी बसले नाही. वडील टेबलाशी यायचे, खुर्ची ओढायचे, बसायच्या आधी उठायचे. बाल्कनीचे दार उघडायचे, धुके आत यायचे, दार लावायचे. एकदा त्यांनी मला ट्रकचा रंग चुकला म्हणून परत रंगवायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पहिलाच बरोबर होता म्हणाले. वडिलांच्या पुतळ्याचा चेहरा मी तीनदा खरवडला.

"बसा तरी, नाहीतर उभे तरी राहा," आई त्यांना म्हणाली. "हे मधलं काय चाललंय?"

डिसेंबरच्या शेवटी ते मला म्हणाले की फळीवर माणसे नकोत, नुसता ट्रक पुरे. मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "माणसं नसतील तर ते एवढ्या लांबून काय गॅरेज बघायला येताहेत?" विषय तिथेच थांबला. दोन्ही पुतळे राहिले: वाकलेले, दोन्ही हात पुढे, तळवे ट्रकच्या मागच्या फळीला टेकलेले. वडिलांनी सांगितले होते तसे.

नदी शेवटी ओततात. रेझिन दोन द्रवांचे असते. मिसळले की घट्ट व्हायला लागते. वडिलांनी विचारले, ओतल्यावर काही बदलता येते का? पान छापायला गेल्यासारखे आहे, मी सांगितले. गेले की गेले. ते म्हणाले, थांब. पुढच्या आठवड्यात मी विचारले, तेव्हाही थांब. बस शनिवारी संध्याकाळी येणार होती. शुक्रवारी बारा वाजता मी त्यांना सांगितले की आज ओतले नाही तर उद्यापर्यंत सुकणार नाही. ते खिडकीपाशी उभे होते. वळले नाहीत.

"ओत," ते म्हणाले.

मी ओतले. पाणी दोन्ही पुतळ्यांच्या गुडघ्यापर्यंत आले.

चूक माझी होती. डब्यावर चोवीस तास लिहिले होते. त्याच्याखाली बारीक अक्षरात पंचवीस अंश. आमच्या खोलीत त्या दिवशी अकरा अंश होते. शनिवारी दुपारी टूथपिक टोचली तर तिच्यामागे चिकट तार आली. मी टेबलाजवळ हीटर लावला. दर तासाला टोचत राहिले. टोचून झाल्यावर वडील माझ्या हातातली टूथपिक बघायचे. संध्याकाळी पाहुण्यांचा, म्हणजे जोडीदाराच्या भावाचा, फोन आला. धुक्यामुळे बस कानपूरच्या अलीकडे थांबली होती. सकाळी येतो, म्हणाले.

रविवारी मी सहाला उठले तेव्हा वडील टेबलाशी बसलेले होते. स्वेटर, मफलर, पायात मोजे. मी हीटर लावून आत गेले. सव्वासातला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी दारात आले तेव्हा माझ्या डब्यातला चिमटा त्यांच्या हातात होता. डावा डोळा फळीपासून वीतभर अंतरावर. त्यांनी पुतळा मानेजवळ धरला आणि हलवत हलवत वर ओढला. बुटांमागे रेझिनच्या दोन तारा लांब झाल्या आणि तुटल्या. मी त्यांना थांबवले नाही.

त्यांनी पुतळा काठावर नेला, खोक्यापाशी, जिथे मी दोन मग ठेवले होते, एकाच्या कानाला तार गुंडाळून. तिथे टेकवला. मग परत उचलला आणि खोके व मगांसकट सगळे पार कोपऱ्यात सरकवले.

"डिंक कुठाय?" त्यांनी विचारले.

लागणार नाही, मी म्हणाले. बुटांना लागलेले रेझिनच पुतळ्याला धरून ठेवणार होते. त्यांनी बोट लावून पाहिले. पुतळा उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून, समोर काही नसताना.

पाहुणे नऊ चाळीसला ऑटोने आले. एकटेच. पांढरे कपडे, वर तपकिरी स्वेटर, कानटोपी. बस रिंग रोडवर थांबली होती, अकराला निघणार होती. जय भीम झाले. प्रवासाबद्दल, धुक्याबद्दल बोलणे झाले. आई म्हणाली, आमच्याकडे जानेवारीत सूर्य पगारी रजेवर असतो. ते हसले आणि मग टेबलाकडे गेले.

बसले नाहीत. एक फेरी मारून ट्रकच्या मागे थांबले.

"हा भाऊ?"

"हो," वडील म्हणाले.

"आणि तुम्ही?"

वडिलांनी कोपऱ्याकडे बोट केले.

"एवढ्या लांब?"

"याहून लांब होतो. फळी संपली."

पाहुण्यांनी वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग परत कोपऱ्याकडे. वडिलांनी हकिकत सांगितली. या वेळी ती लहान होती आणि शब्द वेगळे होते. ते चहा आणायला काठावर गेले होते. दोन मग भरून घेतले तेव्हा आवाज झाला. परत पोचले तोवर काही उरले नव्हते. पेटी घेऊन गावी गेले तेव्हा जोडीदाराच्या आईने पहिला प्रश्न केला, त्याच्याजवळ कोण होते? मी होतो, असे त्यांच्या तोंडून गेले. पुढचे मग जुळवावे लागले.

बाहेर गॅसवाल्याची गाडी उभी होती, तिची घंटी वाजत होती.

"हात असे का तुमचे?" पाहुण्यांनी कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे बघत विचारले.

"ढकलायचे आहेत. मी सांगितलं, तसे हिने केले."

"आमची आई जाईपर्यंत सांगायची सगळ्यांना. पोरगा गेला, पण एकटा नाही गेला."

"एकटा गेला," वडील म्हणाले.

आई चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रे दिवाणावर ठेवून तिथेच उभी राहिली. पाहुणे खाली वाकून फळीवरचे ते दोन मग बघत होते.

"चहा कोणाला हवा होता? तुम्हाला का त्याला?"

"त्याला. त्यानेच पाठवलं." वडील थांबले. "म्हणाला, आपल्या ढकलण्याने हा हलत नाही, तू आधी चहा आण. हलला तर मी तुझ्याशिवाय पळवत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

पाहुण्यांनी मान हलवली. "असंच बोलायचा तो," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले.

आईने दोघांना चहा दिला. दोघांनी घेतला. पाहुण्यांनी निघण्याआधी खिशातून मोबाइल काढून फळीचा एक फोटो काढला. त्यात किती आले, ते मला मागून दिसले नाही. दहा पन्नासला मी त्यांना रिंग रोडवर सोडले. गाडीत ते धुक्याशिवाय कशाबद्दलही बोलले नाहीत. बस अकरा वीसला सुटली.

मंगळवारी दुपारी वडिलांच्या फोनवर तो फोटो आला, कुशीनगरहून. सोबत मजकूर नव्हता. फोटोत ट्रक आहे, नदी आहे आणि डाव्या बाजूला कोपऱ्यापर्यंत पूर्ण काठ आहे, वडिलांच्या पुतळ्यासकट. वडिलांनी तो मोठा करून डाव्या डोळ्याने पाहिला.

रेझिन बुधवारी सकाळी सुकले. ट्रकच्या मागे, जोडीदाराच्या पुतळ्याच्या उजवीकडे, पाण्यात बुटांचे दोन खड्डे अर्धवट भरून राहिले आहेत. खोली तीन मिलिमीटर.