भिंतीकडं तोंड करून

माझ्या हातातला माइक माजी सरपंचानं ओढून घेतला आणि बोलायच्या आधी खांद्यावरच्या उपरण्यानं पुसला. घासून घासून. अख्ख्या ग्रामसभेदेखत. मग म्हणाला, "हं, आता बोला कामाचं."

लोक हसले. आमच्या वस्तीतले दोघं-तिघं पण हसले. ते जास्त लागलं.

आमचं गाव धारूरच्या डोंगरात. बौद्धवाड्यातून मी पंचायतीवर निवडून आलेली. नळाची पाइपलाइन गावभर फिरली आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. का म्हणून थांबली, एवढंच विचारायला उठले होते. पण आमच्याकडं मोठी माणसं समोर बसली की बाईनं पदर पुढं ओढून, भिंतीकडं तोंड करून बोलायचं. मी तसंच बोलले. माइक पोटाशी धरलेला. मागून कुणी ओरडलं, "मोठ्यानं बोल की!" मी ओरडले. आवाज फाटला, भोंगा किंचाळला. तेवढ्यात माइक हातातून गेला.

तवापासून भाकरी थापताना ते माइक पुसणं दिसतं अन् हात थांबतो. लाज त्याला वाटायला पाहिजे होती. वाटली मला. लेकराला हाक मारायलासुदीक आवाज फुटंना.

सासू एक दिवस चिडली. "कशाला कुढतीस? तू भिंतीला सांगितलंस. भिंत ऐकती व्हय गं?"

लई झोंबलं. पण खरं होतं.

मग दुपारी शेळ्यांपुढं उभी राहून बोलायला लागले. शेळ्या निदान तोंडाकडं बघत्यात. मान वर. श्वास पोटातून. एक वाक्य, मग गप्प. आधी तोंडातून "मेहरबानी करून" निघायचं. ते थुंकून टाकलं.

पुढच्या ग्रामसभेत मला माइक दिलाच न्हाई. मी पदर खांद्यावर घेतला, माणसांकडं तोंड केलं. सावकाश म्हणाले, "आमच्या वस्तीला पाणी कधी येणार? तारीख सांगा." आणि थांबले.

"खाली बस," माजी सरपंच म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत बघून तेवढ्याच आवाजात परत विचारलं. मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. ग्रामसेवक पुटपुटला, "बघतो, ताई."

बघतो म्हणजे न्हाईच. पाणी अजून आलेलं न्हाई. पण येत्या सभेला वस्तीतल्या सगळ्या बाया येणार हायेत. मी थांबले की दुसरी विचारील, तिच्यामागं तिसरी. तारीख मिळाल्याबगर एकपण बाई खाली बसणार न्हाई.