टाचेनं बसवलेली अंबाडी

आमच्या परसात अंबाडी दर पावसाळ्यात आपोआप उगवते, कारण सासूबाई तिची सुकी बोंडं तिथेच झटकतात. यंदा झड लागली, पाणी साचलं आणि कोवळी रोपं पिवळी पडून माना टाकू लागली. मी युरिया घेऊन निघाले, तर सासूबाई ओरडल्या, "खत काऊन टाकून राह्यली वं? मुळ्या ढिल्या झाल्या त्याच्या. आधी पाणी काढ, मंग टाचेनं माती दाब."

शेतात कपाशी पावसानं कोलमडली की असंच करतात. मी कुदळीनं चर काढला आणि आम्ही दोघी चिखलात रोपांभोवती टाचा रोवत फिरलो.

उघाड पडली तशी रोपं ताठ झाली, हिरवीगार झाली. सासूबाईंनी भाजीसाठी एक पान चावून पाहिलं.

"आंबटच नाई हे!" मग बोटं हुंगली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवं, हे तं भांग हाय!"

पानं दोन्हींची बोटांसारखीच फाकलेली, म्हणून आम्ही फसलो. पण बी आलं कुठून? मला पाखरांना टाकलेल्या मिश्र दाण्यांचा संशय आला, त्यांना थेट महादेवाचा.

भांग लावणं गुन्हा, म्हणून उपटायला बसलो. मी ओढलं, त्यांनी ओढलं, दोघींनी मिळून ओढलं. झाड हलेना.

"आता काऊन निघत नाई?" मी चिडून त्यांच्याच बोलीत विचारलं.

सासूबाईंनी स्वतःच्या टाचेकडे पाहिलं. "आपणच तं बसवलं त्याले. जाय, कुदळ आण."