‘इतर’ नावाचा चतकोर

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत संध्याकाळचं पाणी बंद करायचं घाटत होतं. जमिनीखालची टाकी पुरत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. माझी सून सातला कामावरून येते, तेव्हा नळ कोरडा असला तर घरात काय होईल ते मला विचारा! मी म्हटलं, आधी बघू तरी पाणी जातं कुठे.

झालं, दर दोन तासांनी टाकीचं झाकण उघडायचं, खुणा केलेली काठी आत घालायची आणि पातळी वहीत लिहायची. वॉचमन हसायचा. हसू दे. पंधरा दिवसांत वही भरली.

नात म्हणाली, "आज्जी, पाय चार्ट काढ ना, क्यूट दिसतो." म्हणजे भाकरीसारखा गोल, चतकोर पाडलेला. मी हौसेनं रंगवला. सकाळचं पाणी पिवळं, संध्याकाळचं लाल, आणि उरलंसुरलं ‘इतर’ म्हणून एका बारक्या राखाडी चतकोरात.

रविवारच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी तो निरखून पाहिला. "वा आजी! दारात रांगोळी म्हणून शोभेल. आणि हा लाल तुकडा केवढा! तोच तर बंद करायचाय." घ्या! मी माझ्याच हातानं त्यांना पुरावा दिला होता. कसाबसा एक आठवडा मागून घेतला.

घरी येऊन वही पुन्हा उघडली. नातीनं उभे खांब काढून दिले, दिवसाला एक. त्यातही दिवसभराचं पाणी एकाच खांबात कोंबलेलं. अहो, मला किती गेलं ते नाही, कधी गेलं ते दाखवायचं होतं! शेवटी आलेखाचा कागद आणला, खाली आडवे तास लिहिले, बाजूला पातळी, आणि ठिपक्याला ठिपका जोडत गेले. जोडता जोडता हातच थांबला. अकराला टँकर रिकामा झाला की पाचपर्यंत टाकीत थेंब येत नाही आणि पाणी वर गच्चीवर चढवणारा पंपही बंद असतो. म्हणजे तेवढी रेघ सपाट हवी. ती रोज उतरत होती. तेच मी ‘इतर’मध्ये दडपून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी कागद अध्यक्षांपुढे ठेवला. "दुपारी हे पाणी कोण पितं?"

"बाष्पीभवन असेल."

"लोखंडी झाकणाखालून?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. "बरं, उद्या प्लंबरला विचारू," ते म्हणाले.

"उद्या कशाला? आत्ता बारा वाजलेत, पंप बंद आहे. चला."

काठी त्यांच्याच हातात दिली. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून तासभर बसलो, जेवायची वेळ झाली तरी कुणी हललं नाही. एकला पाणी दोन बोटं खाली. अध्यक्षांनी काठी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली.

"संध्याकाळचं पाणी राहू द्या," ते सेक्रेटरींना म्हणाले, "आधी टाकीचा पाइप उकरून बघा, कुठे गळतंय ते."