पक्कडचा न झोपणारा डबा

पक्कड हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण जिन्याखालच्या टपरीत मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या या बाईला सगळी इमारत याच नावानं हाक मारायची आणि तीही ओ द्यायची. एक तर पक्कड सदा तिच्या हातात. दुसरं म्हणजे एकदा धरलेलं ती सोडत नसे. नाकावर राग, जिभेला धार. शाळा अर्ध्यावर सुटली, पण वायरींची शाळा कोण बंद करणार? शॉक खात खात शिकली.

टपरीवर तिनं लाल रंगात एक पाटी रंगवली होती: 'काम झालं, बटण बंद.' चालू राहिलेल्या इस्त्रीपायी शेजारचं एक अख्खं दुकान खाक झालेलं तिनं पाहिलं होतं. त्यामुळे येईल त्याला वस्तूबरोबर हे प्रवचन फुकट. "माणूस झोपलं की घरातली बटणंही झोपली पाहिजेत," असं ती बजावायची. लोक हसायचे, पण ऐकायचे.

त्या इमारतीच्या तळघरात, पाण्याच्या मोटारीशेजारी एक खांब होता आणि खांबाला तडा होता. तड्याबद्दल मालकाचं म्हणणं असं की तो जुना आहे, इमारतीच्या जन्माचा आहे, त्याकडे बघू नका. न बघून भागत असतं तर बरं झालं असतं. पण त्याच खांबाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर पक्कडची खोली होती आणि त्या खोलीच्या नेमक्या त्या कोपऱ्यात तिच्या सासूची खाट होती.

अर्ज केल्यावर सरकारी इंजिनीअर आला. माणूस कोरडा, पण सरळ. त्यानं तड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तडा आहे हे मलाही दिसतंय. तो वाढतोय की थांबलाय, ते एका भेटीत कसं सांगू? तड्याशेजारी मापाची पट्टी चिकटवा, एकाच जागेवरून रोज फोटो घ्या. मी परत येईन तेव्हा वाढ दिसली, तर मालकाला टेकू लावायला आणि खांब बांधून काढायला भाग पाडतो. नाही दिसली, तर माझेही हात बांधलेले."

पक्कडनं समोरच्या भिंतीवर एक जुना फोन ठोकला आणि तासातासाला आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. तळघरात मोबाईलची रेंज मरायची, म्हणून फोटो तिच्या फोनवर जायचे ते केबलवाल्याच्या नेटवरून. आता केबलवाला कोण? मालकाचा सख्खा मेहुणा. दोनचार दिवसांत इमारतीचं नेट बसलं. जाब विचारायला पक्कड गेली, तर हा खुर्चीत रेलून दात कोरतोय.

"ताई, वरूनच प्रॉब्लेम आहे."

"वरून म्हणजे तुझ्या भावोजींकडून?"

"तोंड सांभाळून हं!"

"तू वायर सांभाळ, मी तोंड सांभाळते."

नेट आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. खांबाचे फोटो काढायच्या वेळीच ते नेमकं आजारी पडे. फोन जुना, त्याच्या पोटात जागा नाही. एक फोटो पाठवता आला नाही की दुसरा त्याच्यावर बसे. तेव्हा पक्कडच्या डोक्यात ठिणगी पडली. फोटो जगभर हिंडून आपल्याच घरी यायची गरजच काय? तळघर खाली, घर वर. मध्ये एक वायर ओढली आणि घरात एक कॉम्प्युटर बसवला, की फोटो तळघरातून थेट घरात. बाहेरची वायर त्याच्या एका नेटवर्क कार्डात, आतली दुसऱ्या कार्डात. नेट असलं तर तोच कॉम्प्युटर ते सगळ्या मजल्याला वाटेल. बाहेरच्यानं वायर तोडली, तरी आतलं आपलं आपल्याशी बोलत राहील.

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. फोनवर हे ऐकून तो खो खो हसला. "कॉम्प्युटर? तू बनवणार?"

"का, त्याला वायरी नसतात?"

भंगारवाल्याच्या ढिगात तिला एका ऑफिसनं टाकलेला कॉम्प्युटर सापडला. कॅबिनेटला झाकण नाही, आत धुळीची गोधडी. दुसऱ्या मशीनमधून तिनं जास्तीचं नेटवर्क कार्ड उपटलं, तिसऱ्यातली हार्ड डिस्क घेतली. भंगारवाला हा तिचा जुना मित्र, म्हणजे दोघं रोज भांडायचे.

"चालेल ना हे?" तिनं विचारलं.

"माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"तुझं काय खरं आहे? डिस्कचं सांग."

"अगं, तपासून देतोय. नाही चालली तर माझ्या डोक्यात घाल."

पंख्याला तेल पाजणं, ब्रशनं धूळ काढणं हे तर तिच्या डाव्या हाताचं काम. झाकण तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं केलं. त्यावरची हसरी मुलगी तशीच राहिली. खरी कुस्ती पुढे होती. राउटरचं काम करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं, पण ते बसवताना स्क्रीनवर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं धावत सुटायची आणि मध्येच रुसून थांबायची. तिनं व्हिडिओ बघितले, थांबवले, मागे नेले, बोलणाऱ्याला शिव्या घातल्या, पुन्हा पहिल्यापासून बघितले. दोन्ही कार्डांच्या वायरी तिनं उलट्यासुलट्या लावल्या होत्या आणि दोष मात्र मदरबोर्डला दिला होता. ते कळलं तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली, "गाढवे!" आणि वायरी बदलल्या. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळानं पडद्यावर खांबाचा फोटो उमटला: पट्टी, तडा, खाली तारीख आणि वेळ.

मग काय विचारता! पहिल्या आठवड्याचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन ती दारोदार मिरवली. केबलवाल्यालाही दाखवले. त्यानं त्याच दिवशी नेट तोडलं. खांबाचे फोटो मात्र घड्याळासारखे येत राहिले. त्या दिवशी पक्कड जिना चढताना चक्क गुणगुणत होती.

आणि मग डबा मरायला लागला.

संध्याकाळी टपरी बंद करून घरी यावं, तर डबा चालू, दिवा हिरवा, पण दुपारचे फोटो गायब. एके दिवशी तर तो धड उठेचना. डिस्कवरचं सगळं विस्कटून गेलेलं. तिनं सगळं पुसून पुन्हा बसवलं. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, वायर बदलली. तरी तेच. आठवडे वाया चालले होते, इंजिनीअरची भेट जवळ येत होती आणि खाली खांब कुणासाठी थांबणार नव्हता. शेवटी तिचं डोकं फिरलं. डिस्क उपसून ती थेट भंगारवाल्याच्या अंगावर गेली.

"मेलेला माल गळ्यात मारलास! त्या मेहुण्यानं किती चारले तुला?"

भंगारवाल्याचा चेहरा पडला. एरवी तो उलट चार शिव्या हासडायचा. आज त्यानं नुसती डिस्क घेतली, आपल्या मशीनला जोडली आणि चालू ठेवली. पक्कड समोर ठाण मांडून बसली. डिस्क न कुरकुरता चालत राहिली. ती चालतेय आणि ही बघतेय.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "माल माझा मेलेला नाही. तुझ्या घरात जाऊन बघ त्याचा गळा कोण दाबतंय."

डिस्क तिनं परत बसवली आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर टपरीचं शटर अर्धवट ओढून ती गुपचूप वर गेली आणि दारात उभी राहिली. सासूनं हात पुसले. पंख्याचं बटण बंद केलं. टीव्हीचं बंद केलं. मग शांतपणे, रोजच्या सवयीनं डब्याचं बटण खाली केलं आणि खाटेवर आडवी झाली.

"आई!"

सासू दचकून उठली. "काय गं? आग लागली का?"

"हे काय केलंत?"

"काय केलं? झोपायचंय मला. उठले की लावते की परत. पहिला आठवडा तू घरीच त्याच्यापाशी असायचीस, म्हणून हात लावला नाही. माणूस झोपलं की बटणं झोपली पाहिजेत, तूच सांगतेस ना गावभर? एवढी लाल पाटी रंगवलीय. तुझी आज्ञा मी नाही पाळली तरी बोलणार, पाळली तरी बोलणार?"

पक्कड म्हणजे जगाला पहिला प्रश्न 'बटण बघितलं का?' असा विचारणारी बाई. आणि मशीनचं आतडं न् आतडं बाहेर काढलं, पण भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं नाही. ती खाटेवर बसली आणि चालता डबा असा एकदम बंद केला की डिस्कवरचं सगळं विस्कटतं, हे सासूला समजावून सांगितलं. खाटेखाली काय आहे, तेही सांगितलं. आजवर म्हातारीला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. सासूनं एकदा खाली फरशीकडे पाहिलं.

"मग आधी बोलायला काय झालं होतं? मी काय कुकुलं बाळ आहे?"

पक्कड तशीच उठून भंगारवाल्याकडे गेली. माफी मागणं तिच्या जिभेला जमायचं नाही. "तुझ्या वजनकाट्याची वायर सडलीय," ती म्हणाली आणि खाली बसून बदलून दिली.

"काखेत कळसा, आणि माझ्या गावाला वळसा," भंगारवाला म्हणाला. "जा आता, काम कर."

इंजिनीअर आला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालक आला नाही. त्यानं मेहुण्याला पाठवलं होतं. पक्कडनं पेनड्राइव्हवरचे पहिले फोटो दाखवले, मग डब्यातले अलीकडचे. इंजिनीअर वाकून बघत होता, तेवढ्यात मेहुण्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"साहेब, मधलं हे भगदाड बघा. इतके दिवस फोटोच नाहीत. नको ते उडवले, हवे ते ठेवले. घरच्या घरी बनवलेलं मशीन, काय भरवसा?"

पक्कडनं पक्कड उचलली. कशासाठी ते तिलाच ठाऊक. पण तिच्या आधी खाटेवरून आवाज आला.

"मी उडवले."

सगळे वळले. सासू उठून बसली होती. "मी बटण बंद करायचे. रोज दुपारी. मशीन बिघडलं ते माझ्या हातानं. सुनेची पाटी खाली टांगलीय, वाचून घे, वाचता येत असेल तर."

"म्हातारी सुनेसाठी बोलणारच," मेहुणा हसला.

"सुनेसाठी?" सासू म्हणाली. "अरे, तिचं माझं दिवसातून दहादा वाजतं, विचार कुणालाही. पण खाली जाईल ती खाट माझी आहे. खोटं बोलून मी काय माझ्याच पायाखालची जमीन ओढणार?"

इंजिनीअर कुणाकडेच न बघता उठला. "फोटो राहू देत. खांब जागेवर आहे ना?" तो खाली गेला, मागोमाग अख्खा जिना. त्यानं आपली स्वतःची मापपट्टी काढली, तड्यावर धरली, पेनड्राइव्हवरचा पहिला फोटो फोनवर घेऊन, मोठा करून शेजारी धरला. पुन्हा मोजलं. मग मेहुण्याला म्हणाला, "भावोजींना फोन लावा. आजच टेकू लागले पाहिजेत. लेखी आदेश मागून येतोय."

"साहेब, रेंज नाहीये इथं…"

"वर जाऊन लावा. जिना आहे."

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू आले. हातोड्याचे ठणके पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येत होते. शेजारीण म्हणाली, "जिंकलीस गं बाई! आता काढ तो फोन भिंतीवरून."

"का म्हणून?" पक्कड फिसकारली. "टेकू म्हणजे कुबडी. पाय अजून मोडलेलाच आहे. खांब बांधून होईस्तोवर डोळा मिटायचा नाही."

वर आली तेव्हा सासूनं खाट हलवली होती. कोपऱ्यातून काढून थेट बटणाला टेकवली होती, आणि बटणावर चिकटपट्टीचा थरावर थर. पंखा बंद, टीव्ही बंद. हसऱ्या मुलीच्या डब्यावर हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"हात लावून तर बघावं कुणी," सासू कूस बदलत म्हणाली. "तूसुद्धा."