विहीणबाई सटाण्याला जाऊन येतात

साऱ्या नाशकात चढ कुठे आणि उतार कुठे, हे खऱ्या अर्थानं कुणाला कळलं असेल तर ते फक्त माझ्या विहीणबाईंना. आपण बाकीचे नुसते रस्त्यावरून जातो. माझ्या लेकीच्या या सासूबाई साठीला टेकल्यात. माहेर देवळ्याचं, वाढल्या कांद्याच्या शेतात. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरात बसून मारायची व्यायामाची सायकल सुचवली आणि आमच्या जावयांनी ती हौसेनं आणली. विहीणबाई तिच्यावर एकदाच बसल्या. "ताई, अर्धा तास पाय मारले आणि पोचले कुठं, तर टीव्हीपुढंच! हा काय व्यवहार झाला?" पुढच्याच आठवड्यात खरी सायकल आली. घरातलीवर आता जावयांचे शर्ट वाळतात.

तेव्हापासून जगाकडे बघायची त्यांची नजरच बदलली. नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा इंजिनिअर, माणसं सालस. सगळे खूश, आणि विहीणबाई गंभीर. "बाकी ठीक आहे, पण घर चढावर आहे." माझ्याकडे हळदीकुंकवाला त्या सायकलवरूनच आल्या, तेही हेल्मेट न काढता, कारण लगेच पुढे जायचं होतं. कुंकू लावायला शेजारणीला त्यांचं बोटभर कपाळ शोधावं लागलं. त्यांच्या सायकल ग्रुपमधली तरुण मंडळी परदेशी पाकिटातलं काहीबाही चोखतात. यांच्या पिशवीत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आणि चढावर त्या सायकलशी बोलतात. शेजारून जाणाऱ्याला वाटतं, बाई सुनेला रागावतेय. तसं काही नाही, सुनेशी त्या फार गोड बोलतात. माझी लेकच सांगते.

या विहीणबाईंनी हिवाळ्यात जाहीर केलं, की ग्रुपबरोबर नाशिक ते सटाणा आणि त्याच दिवशी परत. पहाटे निघायचं, संध्याकाळी सातच्या आत नाशकात आडगाव नाक्यावर हजर. उशीर झाला किंवा वाटेत गाडीत बसलं, तर सगळं बाद. आम्ही हसलो. त्यांचे देवळ्याचे थोरले भाऊ हसले नाहीत. फोनवर म्हणाले, "बाई, या वयात हे काय काढलं? लोक काय म्हणतील ते सोड, छातीत दुखलं म्हंजे?"

जाताना सगळं झकास झालं. देवळ्यात भावजया ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्यावर उभ्या. एक पाय जमिनीवर टेकवून, दुसरा पेडलवर ठेवून विहीणबाईंनी ओवाळून घेतलं. भावजय साडी पुढं करायला लागली, तर म्हणाल्या, "साडी राहू दे, पाणी आण." सटाण्याहून मात्र त्या वळल्या आणि वारा तोंडावर आला. परत देवळ्यात पोचेपर्यंत चेहरा उतरला होता, आणि तिथं भाऊ गाडी घेऊन तयार. "लय झालं आता. बस गाडीत, सायकल टपावर टाकतो."

"दादा, गाडीतच बसायचं असतं तर एसटीनं आले असते," म्हणून या पुढं निघाल्या.

पुढचं मला ग्रुपमधल्या, त्यांच्यासोबत सायकल चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. भाऊ काही घरी गेले नाहीत. थोडं अंतर पुढं जाऊन गाडी थांबवायचे आणि चाकापाशी वाकून उभे राहायचे. या जवळ आल्या की आपण होऊनच सांगायचे, "काही नै, टायर दखी ऱ्हायनू," म्हणजे टायर बघतोय. पुन्हा पुढं, पुन्हा टायर. घाटात मात्र विहीणबाईंच्या पोटरीत गोळा आला. त्या कडेला बसल्या, डोळ्यांत पाणी. भाऊ गाडीचं दार उघडं टाकून धावत आले. बाहेरच्यानं मदत करायची नाही असा नियम. पण त्यांनी रस्त्यातच मांडी घातली, बहिणीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या वेळी त्या स्वतः डोंगराकडे बघत होत्या.

विहीणबाईंनी उघड्या दाराकडे बघितलं. "दादा, नाही होणार वाटतं."

आता भाऊ 'बस गाडीत' म्हणतील, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. पण सकाळपासून गाडीत बस म्हणून मागं लागलेला तो माणूस उठला, त्यानं सायकल उभी केली आणि हँडल बहिणीच्या हातात दिलं. "ऊठ. एवढं वळण गेलं का उतारच हाय."

आडगाव नाक्यावर मी, लेक आणि जावई सारखं घड्याळ बघत होतो. सातला थोडा वेळ उरला असताना त्या दिसल्या. केस विस्कटलेले, तोंडावर धूळ. शेवटून तिसऱ्या; पण मला तर पुढचे सगळे निव्वळ घाई करून आलेले वाटले. मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की लोकांना मी त्यांची सख्खी बहीण वाटले. लग्नात मानपान घेऊन अवघडून बसलेल्या आम्ही दोघी विहिणी, तिथं भर रस्त्यात गळ्यात गळा घालून उभ्या होतो.

तेवढ्यात भाऊ गाडीतून उतरले. जावई सायकल घ्यायला पुढं झाले, तर त्यांनी नुसत्या हातानंच थांबवलं. स्वतः हँडल धरून ते गर्दीतून सावकाश चालायला लागले, आणि विहीणबाई, ज्यांना आमच्या घरात सगळे जरा दबूनच असतात, त्या दुसऱ्या बाजूनं सीटवर हात ठेवून लंगडत त्यांच्याबरोबर निघाल्या. मध्येच काहीतरी तक्रार करत होत्या आणि ते मान हलवत होते. इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच कुणाची तरी धाकटी बहीण दिसल्या. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.